कोकिळेला मारलेला खडा

आता हसू नका हं. चैत्रात ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, तेव्हा मी देवापुढे बोलले, ह्यांना शब्द फुटेपर्यंत रोज कोकिळेचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात घास घालणार नाही. खरं कोकिळाव्रत, म्हणजे कोकिळेच्या रूपातल्या पार्वतीमाईचं, अधिक आषाढातलं. पण तोवर धीर कुणाला होता?

घर नुसतं सुन्न. हे दिवसभर खिडकीकडे बघत पडून.

आमची कोथरूडची टेकडी उन्हाळ्यात कशी करपते, ठाऊक आहे ना? पण तिथल्या एका उंबरावर काळाभोर पक्षी रोज 'कुहू' करी. मी हात जोडी, "पार्वतीमाई, ह्यांना आवाज दे गं," म्हणे आणि घरी येऊन चहा घेई.

त्याच झाडावर आणखी एक येऊन बसे. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा. मला वाटलं, हा मेला ससाणा! माझ्या कोकिळेला खाणार! मग काय, रोज "हुश्श!" आणि वर एक खडा.

एकविसाव्या दिवशी मागून दुर्बीणवाले एक आजोबा म्हणाले, "बाई, तिला का मारताय?"

"अहो, ससाणा आहे तो!"

"कोकिळा आहे ती. कुहू करतो तो नर."

"काहीतरीच! मग मी एकवीस दिवस हात कुणाला जोडले?"

"परपुरुषाला," आजोबा डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाले.

ऐकलंत? नवस नवऱ्यासाठी, आणि खडे साक्षात पार्वतीमाईला! रडतच घरी आले. ह्यांच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. 'परपुरुष' म्हटलं मात्र, ह्यांचे खांदे हलायला लागले, तोंड आणखी वाकडं झालं, घशातून घरघर! मी धावत जाऊन शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ओढून आणलं. "दुसरा झटका आला हो!"

त्यांनी नाडी धरली, तोंडाकडे निरखून पाहिलं. "काकू, अहो, हसतायत ते!"

तीन आठवड्यांत पहिल्यांदा! आणि मी ओळखलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाचं हसू!

शब्द अजून फुटलेला नाही. संध्याकाळ अजूनही जाता जात नाही. पण रोज मी एक फजिती सांगते, आणि हे खिडकीवरून मान वळवतात.

तुमच्याही घरी कुणी असं मुकं झालं असेल, तर जवळ बसा आणि आपली एखादी फजिती सांगा. कमी पडल्या तर माझ्या न्या हो, इथे ढीग पडलाय!