दोरीच्या वरच्या टोकाला

एरंडोलच्या आसपास कुणाच्या विहिरीत माणूस बुडालं की आधारला बोलावणं यायचं. एरवी तो कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करी. निरोप आला की पाठीवरची गाठ तशीच उतरवायची आणि निघायचं. कमरेला दोर बांधून तो बुडी मारी. वर चार गडी दुसरं टोक धरून उभे असत. दोरीला खालून दोन हिसके बसले की समजायचं, सापडला, आता ओढा. बाहेर आल्यावर तो त्या घरचा चहासुद्धा घेत नसे. पाण्यात प्रेताला हात लागायच्या आधी मात्र तो मनातल्या मनात म्हणे, "चाल भाऊ, घर चाल." बाई असली तर, "चाल माय."

पासष्टी उलटली तरी पाण्याची भीती कशी असते हे त्याला ठाऊक नव्हतं.

मुलगी संघमित्रा जळगावला बँकेत लागली आणि दिवाळीच्या सुट्टीत आईबापाला गोव्याला घेऊन गेली. तिथं तिनं एका शिडाच्या जहाजाची दिवसभराची सफर ठरवली. तीन उंच डोलकाठ्या, पांढरी शिडं, सकाळी निघून संध्याकाळी परत. आधारची बायको लिलाबाई आधी घाबरली, मग वारा लागताच पदर खोचून पोरीसारखी हसायला लागली. आधार मात्र कठड्यापाशी उभा राहून पाणी बघत होता. विहिरीच्या पाण्याला तळ असतो, पाय टेकतात. हे पाणी काळंनिळं, आणि खाली काहीच नाही असं दिसत होतं.

भर दुपारी वारा पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबली. लोकांनी फोटो काढणंही थांबवलं. जहाजाच्या मागच्या बाजूला एक दोर पाण्यात सोडलेला होता. पोहायला उतरणाऱ्यांनी धरावा म्हणून. सवयीनं आधारनं त्यावर हात ठेवला.

दोरीला हिसका बसला. थोडं थांबून आणखी एक.

आधारनं दोर मुठीत घट्ट धरला. इतकी वर्षं असे हिसके त्यानं खालून दिले होते. वरून ते कसे लागतात, हे त्याला आज कळलं.

"कोनी तरी खाले शे," तो म्हणाला.

संघमित्रा धावत आली. "बाबा, कोण? कुणी पडलं का?"

कप्तानानं सगळे प्रवासी मोजले. कुणीच कमी नव्हतं. एका म्हाताऱ्या खलाशानं आधारबरोबर दोर ओढून पाहिला. तो इतका जड होता की दोघांच्या मुठी पांढऱ्या पडल्या, पण दोर वीतभरही वर आला नाही.

"खडकात अडकला असेल," संघमित्रा म्हणाली.

खलाशानं मान हलवली. "इथे तळ फार खोल आहे, बाई. हा दोर तिथवर पोचत नाही." एवढं बोलून त्यानं आपला हात काढून घेतला.

आधारनं काढला नाही. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, बाई की पुरुष तेही नाही. तो वाकला आणि पाण्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "जो कोनी शे तो, चाल. घर चाल."

शिडं फडफडली. वारा आला होता.

जहाज वळलं. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून पुन्हा फोटो काढू लागले. दोर मात्र पाठीमागं ताणलेला होता, भरलेल्या मोटेच्या नाड्यासारखा. बंदराच्या तोंडाशी, जिथून किनाऱ्यावरची घरं दिसू लागतात, तिथं तो एकाएकी सैल पडला. खलाशानं ओढून घेतला. टोकाला काही नव्हतं. आधारनं तिथल्या पिंपातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंड धुतलं, तसं तो विहिरीतून वर आल्यावर दर वेळी करी.

परतीच्या गाडीत लिलाबाई त्याच्याजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "कोन व्हता तो?"

"मी इचारं नही."

गावी आल्यावर पंधरवड्यात पद्मालयाकडच्या एका वस्तीतून निरोप आला. या खेपेला लिलाबाईही चप्पल घालून त्याच्याबरोबर निघाली. विहिरीवर चार गडी तयार होते. तिनं त्यांना बाजूला सारलं, दोर आपल्या मनगटाला गुंडाळला आणि काठावर पाय रोवून उभी राहिली.

"उतरा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी शे वर."