कड्यावरची शेळी आणि खोडावरची फळी

वेलचेरीच्या आमच्या अपार्टमेंटच्या फाटकाशी एक जुना कडुलिंब आहे. त्याच्या सावलीत वीस वर्षं एक बाई इस्त्रीची गाडी लावायची. मी तिला अक्का म्हणते. मागच्या वर्षी झाडाच्या बुंध्यावर बुरशीची फळी उगवली, तपकिरी, टणक, तळहाताएवढी. अक्काला वाटलं, देवीनंच दिव्याला जागा करून दिली. हळदकुंकू लावून ती रोज सकाळी तिच्यावर पणती ठेवायला लागली. येणारे-जाणारेही हात जोडू लागले.

मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय. अशी फळी बाहेर दिसते तेव्हा आतलं लाकूड तिनं कधीच खाल्लेलं असतं. मी खोडावर थाप मारली. बद्द आवाज आला.

"अक्का, गाडी हलव इथून. झाड पडेल अंगावर."

"देवी बसलीय अम्मा. कसं पडेल?"

"अगं, डोंगरात आम्ही रानशेळी पाहिली, तुमच्या तमिळमधली ती वरैयाडू. कड्याच्या टोकाला, बोटभर जागेत उभी! मी किंचाळले, आता पडते की काय. ती आपली खुशाल गवत खातेय. कारण तिच्या पायाखाली भरीव दगड होता. आणि ही तुझी फळी बघ, कशी ऐटीत बसलीय! हिच्या मागे सगळं पोकळ."

"शेळीचं ठेवा तुमच्याजवळ. सावली कोण देणार मला?" ती फणकारली.

असोसिएशनचा सेक्रेटरी म्हणाला, लोकांच्या भावनांचा प्रश्न आहे, बघू. घरी आमचे हे म्हणाले, "रिटायर झालीस ना? मग वर्ग पुरे आता." पुरे कसला!

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आमची कार रस्त्यावर काढायला लावली आणि यांना जुंपून इस्त्रीची गाडी आमच्या पार्किंगमध्ये ढकलत आणली. चाकाला साखळी घालून कुलूप ठोकलं. अक्का आली आणि जे तिचं तोंड सुटलं! चोर म्हणाली मला. मग तिथंच फरशीवर बसून रडली. मलाही रडू आलं, पण किल्ली काही दिली नाही.

चार महिने झाले. झाड अजून उभं आहे, त्यामुळे सगळे मला हसतात. अक्का आमच्या पार्किंगमध्ये इस्त्री करते आणि मला बघितलं की मान फिरवते.

"बोलत नाही ना ती तुझ्याशी?" परवा यांनी डिवचलं.

"नाही बोलत," मी म्हटलं. "आहे ना पण?"