कंपाउंडरकाका आणि दोन शपथा

कंपाउंडरकाकांच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे अख्ख्या अनसिंग गावाला ठाऊक होतं. तरी घरोघरची गुपितं त्यांच्याचकडे! इंजेक्शन द्यायला घरी येत, चहा होईस्तोवर बसत, आणि माणसं बोलून जात.

बाबांच्या आजारात आम्हीही हेच शहाणपण केलं. नागपूरच्या डॉक्टरांनी "आता घरीच न्या" म्हटलं, तेव्हा मी आणि पुण्याहून आलेल्या दादानं काकांना शपथ घातली, की बाबांना काही कळू द्यायचं नाही. येईल तो पाहुणा म्हणे, "दिवाळीपर्यंत ठणठणीत!" बाबा मान डोलवत आणि आम्ही पाजू तितका मोसंबीचा रस निमूट पीत.

एका दुपारी काकांनी सुई टोचली, कापूस दाबला आणि ते सगळ्यांदेखत उखडले. "तुमी म्हनता, बाबाले सांगू नका. हे बाबा म्हनते, पोराइले सांगू नका का मले समदं मालूम हाये. मी काय लोनच्याची बरनी आहो, भरून ठेवाले? बोला आता एकमेकाशी. मी चाललो."

गेले मात्र नाहीत. चहा यायचा होता.

दादा रडायला लागला. मी काकांवर खेकसले. बाबा तेवढे शांत होते. म्हणाले, "एकच सांगतो. माझ्यामागं तुमच्या मायले पुन्याले नेऊ नका. तिचा जीव इथंच रमते."

आई चहा घेऊन दारातच थबकली. "मले कोनी इचारलं? जाईन मी पुन्याले, नातवाइपाशी!"

बाबा खोकला येईपर्यंत हसले. काका म्हणाले, "घ्या! मानूस इतके दिवस हिचीच काळजी करून राह्यला, अन् बाई पिशवी भरून बसली."

त्या दिवशी आईबाबा संध्याकाळपर्यंत बोलत बसले. काय बोलले ते काकांनाही कळलं नाही, ह्याची त्यांना फार चुटपुट लागली असणार. रस बंद झाला, ठेचा-भाकर सुरू झाली. आठ दिवसांनी बाबा गेले. आई पुण्यात मजेत आहे.

यंदा काका गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकू म्हणाली, "सहा महिन्यांपासून रिपोर्ट होता म्हने. कपाटात सापडला. मले म्हनत, गॅस झाला."

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे. साऱ्या गावाला बोलतं करणाऱ्या ह्या माणसानं जन्मात एकच गोष्ट पोटात ठेवली, तीही काकूपासून.

काकूनं माझ्यापुढं चहा ठेवला. म्हणाली, "मलेही बोलाचं होतं ना वं बाई."