चार अर्थमंत्री आणि मिस एनिड

एका ऑफिसात माणूस तीन-चार वर्षं राहिला की किस्से आपोआप साठतात. आपण काही ते जमवत नाही. वाडीत झावळ्या पडतात तसे ते पडत राहतात, आणि एक दिवस बघावं तर पाय ठेवायला जागा नसते!

दिवेआगरला परत आल्यापासून आम्ही शाळेतल्या मैत्रिणी संध्याकाळी वंदनाच्या होमस्टेच्या मागच्या अंगणात बसतो. चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "सांग गं तुझ्या मंत्र्यांचं!"

तर, मी अकाउंट्सची. मुंबईतल्या आमच्या कंपनीला कॅरिबियनमधल्या एका छोट्या बेटाच्या अर्थ मंत्रालयाचं काम मिळालं. त्यांचं बजेट कॉम्प्युटरवर आणायचं होतं. मला पाठवलं. बेटाचं नाव सांगत नाही. मंत्री गेले, पण त्यांचे भाचे अजून तिथेच नोकरीला आहेत!

देश केवढा? आपलं मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन एकत्र केलं की झाला. मी होते तेवढ्यात चार अर्थमंत्री आले नि गेले. टिकल्या त्या एकट्या मिस एनिड, खात्याच्या सचिव. साठीला टेकलेल्या, उंच, कडक इस्त्रीचा फ्रॉक, आवाज कधी चढायचा नाही. मंत्र्यांनी काय बोलायचं ते त्याच लिहून द्यायच्या, आणि मंत्री बोलून गेले की निस्तरायच्याही त्याच.

*

मंत्रालयाच्या पॅसेजमध्ये आजवरच्या सगळ्या अर्थमंत्र्यांचे फोटो होते. मी रुजू झाले त्याच आठवड्यात पहिले मंत्री शपथ घेऊन आले. मोठ्या हौसेनं स्वतःचा फोटो लावून घ्यायला स्वतः उभे राहिले. सुतारानं एक खिळा ठोकला, फोटो टांगला, शिडी सरकवली आणि शेजारी दुसरा खिळा ठोकायला लागला.

"हा कशाला?" मंत्र्यांनी विचारलं.

सुतार म्हणाला, "सर, शिडी तळमजल्यावरून आणावी लागते. पुन्हा पुन्हा कोण आणणार?"

पावसाळा संपायच्या आत त्या खिळ्यावर फोटो लागला.

*

दुसरे मंत्री वक्तृत्वात पटाईत. बजेटच्या दिवशी घाईत त्यांनी गेल्या वर्षीचं भाषण उचललं आणि पार्लमेंटमध्ये दणदणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. तोच रस्ता, तेच हॉस्पिटल, तेच धरण! मी प्रेक्षकांच्या बाकावर. शेजारी मिस एनिड डोळे मिटून बसलेल्या.

भाषण संपलं. टाळ्या. मग विरोधी पक्षनेते उठले आणि तावातावानं बोलले. मिस एनिड माझ्या कानाशी म्हणाल्या, "यांचंही गेल्या वर्षीचंच आहे."

"म्हणजे कुणालाच कळलं नाही?"

"एकीला कळलं," त्यांनी खाली बोट दाखवलं. सभागृहातली स्टेनो पेन्सिल खाली ठेवून नखं बघत बसली होती.

*

तिसरे मंत्री मात्र खरंच भले होते. मास्तर होते आधी. बाहेरच्या बँकेचे कोटवाले लोक येऊन "खर्च कमी करा, खर्च कमी करा" म्हणून गेले, तर यांनी सुरुवात स्वतःपासून केली. गाडी परत केली, ड्रायव्हर दुसऱ्या खात्याला दिला आणि बसनं यायला लागले. लोक स्टॉपवर हात मिळवायचे. मला वाटलं, चला, एक तरी टिकेल!

एक दिवस पंतप्रधानांनी सकाळी घाईनं बैठक बोलावली. हे स्टॉपवर. बस चढावर बंद पडली, दुसरी आलीच नाही. घामाघूम होऊन चालत पोचले, तोवर बैठक संपलेली आणि यांचं खातं दुसऱ्याला दिलेलं.

मिस एनिडनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी ते एका दमात संपवलं.

"एनिड," ते म्हणाले, "नव्या बसची फाइल कुणी अडवली होती गं?"

"तुम्हीच, सर."

हे सांगितलं की वंदनासुद्धा हसत नाही. मासळी विकून आमच्यात येऊन बसणारी हिरा तेवढी म्हणते, "म्हंजी भल्याचं तिकडं पन न्हायच व्हय!"

*

मग वादळ आलं. आपण इथे बघितलंय, त्यामुळे तो आवाज मी ओळखला. सकाळी बाहेर पडले तर डोंगरावर एकाही घराला छप्पर नाही, आणि माड आपल्याकडे झोपले होते तसेच ओळीनं झोपलेले. रस्त्यात बसून रडले.

फोन लागायला लागले तसा पहिला फोन बाबांचा. आमची इथली सुपारीची वाडी आधीच्या वादळानं नेलेली, त्यामुळे त्यांना एकच प्रश्न सुचला. "पंचनामा झाला का गं तुमच्याकडे?"

मिस एनिडनी विचारलं, वडील काय म्हणतायत? मी समजावलं, की आमच्याकडे नुकसान झालं की सरकारी माणसं येतात, काय काय पडलं ते लिहून नेतात.

"मग?"

"मग आम्ही वाट बघतो."

त्यांनी मान डोलावली. "तुम्ही पुढे आहात. आम्ही न लिहिताच वाट बघतो."

*

मिस एनिडची आई वरच्या गावात एकटी राहायची. नव्वदीची म्हातारी. घरावर निळी ताडपत्री. "माझ्या फ्लॅटवर चल," म्हणून मिस एनिड दर रविवारी विनवायच्या. म्हातारी म्हणायची, "छप्पर आलं आणि मी घरात नसले, तर ते दुसऱ्याला देऊन टाकतील!"

छप्पर आलंही होतं. बाहेरच्या कुठल्याशा देशानं जहाज भरून पत्रे फुकट पाठवले होते. पण कस्टमनं अडवले. ड्यूटी भरा! आता कस्टम कुणाच्या हाताखाली? आमच्याच! माफी द्यायला मंत्र्यांची सही हवी, आणि चौथे मंत्री परदेशात परिषदेला गेलेले. तिथून दुसऱ्या परिषदेला, तिथून तिसऱ्या. पत्रे खाऱ्या हवेत गंजत होते. आमचे मेल जात होते, उत्तर नाही.

शेवटी एकदा फोन लागला. मिस एनिड दोन वाक्यं बोलल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"स्टेजवर चाललेत. नंतर बोलू म्हणाले."

"विषय काय आहे?"

"वादळानंतर पहिल्या आठवड्यात मदत कशी पोचवावी." त्यांनी पुढची फाइल ओढली. "भाषण मीच लिहून दिलंय."

*

हा शेवटचा. हा मी रोज सांगत नाही.

ताडपत्रीखाली पावसात भिजून म्हातारीला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. अंत्यविधीला सगळं मंत्रालय आलं. चर्चलाही छप्पर नव्हतं. पेटी आकाशाखाली ठेवलेली. चौथे मंत्री नुकतेच परत आले होते, तेही आले. विमानातून उतरून थेट. कुणीतरी त्यांना गाडीत सांगितलं असावं, की मिस एनिडच्या आईच्या घराचं छप्पर उडालंय. पुढचं सांगायचं राहून गेलं असावं.

त्यांनी मिस एनिडचे दोन्ही हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एनिड, माझा शब्द आहे. नाताळच्या आत तुझ्या आईच्या घरावर छप्पर चढवतो!"

मिस एनिड नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सर, आई आता त्या घरात राहत नाही."

"अरे वा!" मंत्री म्हणाले. "मग आता कुठे असते?"

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. मिस एनिडनी छत्री उघडली आणि मंत्र्यांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या, शेवटची प्रार्थना संपेपर्यंत.