बांगड्यांची सावली

काचेच्या बांगड्या किणकिणल्या की अजून माझं डोकं फिरतं. इंदापूरच्या एक्स-रे खोलीत मी फोटो काढायचे, तेव्हा कळंबची एक सून सुजलेलं मनगट सांभाळत आली होती. बांगड्या उतरवायला मी साबणाचं पाणी घेतलं, तर तिची सासू कडाडली, “सवाष्णीचा हात मोकळा करत्यात व्हय? हाय तसाच फोटो काढा!” मी सुनेचा तळवा पालथा ठेवला, मग हात करंगळीच्या कडेवर उभा केला. दोन्ही फोटोंत बांगड्यांची सावली नेमकी मोडलेल्या हाडावर पडली आणि ते मोडलेलं कुणाला दिसलंच नाही. दोन महिन्यांनी ती आखडलेला, वाकडा हात घेऊन आली. मनगट मोकळंच होतं. “ताई, आता बांगड्या चढतच न्हायत,” ती म्हणाली. सासूवर मी आजही चिडते, पण सवाष्णीचा हात मोकळा राहू नये म्हणून आधी मनगटाला दोरा बांधायचा आणि मगच बांगड्या उतरवायच्या, हे माझ्या आईनं मला लहानपणीच शिकवलं होतं.