गायधनीकाकांचा शुक्र

गोष्ट रंगात आली की गायधनीकाका डोळे मिटून घेत. कुवेतमध्ये, फिंतासला ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, कुणीही चहाला गेलं की पोह्यांबरोबर ती गोष्ट ठरलेली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन घड्याळजीची. शाळा फारशी नाही, नांगराच्या मुठीवर गणितं मांडणारा शेतकऱ्याचा पोरगा. पुढे त्यानं शेतातच वेधशाळा उभारली. का, तर शुक्र सूर्यावरून सरकताना दिसणार होता आणि त्यावरून सूर्य किती लांब आहे ते काढता येणार होतं. महिनोन्‌महिने तयारी केली. शुक्र सूर्याच्या कडेला टेकला आणि हा गडी आनंदानं बेशुद्ध पडला.

"ऐन वेळी डोळे मिटले बेट्यानं," काका म्हणायचे. "एवढी तयारी करून कुणी असं करतं का, वैशाली?" जणू तो त्यांच्याच हाताखालचा टेक्निशियन होता. शुद्धीवर येऊन त्यानं बाकीचा वेध नीट घेतला, शुक्राभोवतीची उजेडाची बारीक कड टिपली, पुढे दुर्बिणीत मोजमापाला कोळ्याचा धागा लावला, हे सगळं काकांना मान्य होतं. बेशुद्धी तेवढी माफ नव्हती.

काका मूळचे नाशिकचे, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. आखाती युद्धानंतर कुवेतला परत आले तेव्हा तेलविहिरी जळत होत्या. "भर दुपारी गाडीचे दिवे लावून ड्युटीला जायचो. वर सूर्य आहे की नाही, शंकाच यायची." तेव्हाच त्यांनी दुर्बीण करायचं मनावर घेतलं. आरसा स्वतः घासला, नळी प्लॅस्टिकच्या पाइपची. दोन हजार चारच्या जूनमध्ये शुक्र पुन्हा सूर्यावरून जाणार होता. आधी तो पाहिलेलं एकही माणूस जगात उरलं नव्हतं. काकांना भीती एकच, तोझची, म्हणजे तिकडच्या धुळीच्या वादळाची.

साखरेची मात्र भीती नव्हती. मधुमेह जुना. डोळे तपासून घ्या म्हणून काकू मागे लागायच्या, तर उत्तर ठरलेलं, "शटडाउन संपू दे." दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात, ते शटडाउन. एक संपलं की दुसरं यायचंच. शेवटी गेले तेव्हा उशीर झाला होता. लेसर केलं, पण त्यांना कडेकडेचंच दिसायचं, मधलं पुसलेलं.

"तुझे कान दिसतात, चेहरा नाही," म्हणाले आणि हसले. मला हसू येईना.

त्या सकाळी तोझ नव्हतं. आकाश लख्ख होतं. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. काकांनी चाचपडत दुर्बीण लावली. सूर्याकडे थेट बघायचं नाही म्हणून त्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली. त्यांचा हात कुठेच चुकला नाही. पुठ्ठ्यावर ताटलीएवढा सूर्य उमटला आणि काही वेळानं त्याच्या कडेला काळा ठिपका टेकला.

"काका, आला."

ते वाकले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. "पुठ्ठा दिसतोय. पाण्याची टाकी दिसतेय. कुठाय गं?"

ठिपका पुरता आत आल्यावर मी त्यांचं बोट धरून तिथे नेलं. तो त्यांच्या नखावर उमटला. "आता तुमच्या नखावर आहे," मी म्हणाले. बोट जरासुद्धा न हलवता ते तसेच उन्हात उभे राहिले. काकू टाकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि करण्यासारखं काहीच नव्हतं.

वर्षभरात ते नाशिकला परतले. मी सुट्टीत भेटायला गेले, तर पोह्यांबरोबर तीच गोष्ट. गडी बेशुद्ध पडला, पण या वेळी काकांनी डोळे मिटले नाहीत. माझा चेहरा दिसावा म्हणून ते माझ्या कानाच्या रोखानं बघत होते. आता बेट्याला बोलणी बसणार, म्हणून मी थांबले.

"नशीबवान होता गं," काका म्हणाले. "त्याचे थोड्या वेळानं उघडले."