दुपारचं एक बोट

वडिलांच्या डायलिसिसचं मशीन लावणारे गृहस्थ वळसंगहून मोटारसायकलवर दवाखान्यात येतात. सकाळच्या पाळीत त्यांची बोटं पडद्यावर भराभर पळतात आणि तोंडात कानडी गाणं असतं. दुपारी भाकरी खाल्ली की गाणं बंद. मग ते एकाच बोटाने एकेक आकडा टाकतात आणि मशीन सुरू करण्याआधी पेशंटच्या माणसाला तो मोठ्याने वाचायला लावतात.

आमची पाळी दुपारची. सुरुवातीला मला याची भीतीच वाटायची. ज्याचा स्वतःवरच भरवसा नाही, त्याच्या हाती वडील कसे द्यायचे?

एप्रिलमधल्या एका दुपारी, अंगातून किती पाणी काढायचं तो आकडा त्यांनी टाकला. "वाचा की, सर."

"तीन हजार दोनशे," मी वाचलं. डॉक्टरांच्या कागदावर दोन हजार तीनशे होतं.

त्यांनी आकडा पुसला, बेसिनवर जाऊन तोंड धुतलं आणि पुन्हा त्याच एका बोटाने नीट टाकला. मग वडिलांसमोरच म्हणाले, "माझं चुकलं, अण्णा. एवढं पाणी काढलं असतं तर तुमचं बीपी पार खाली गेलं असतं. जेवल्यावर डोकं जड हुतंय. म्हणून तर वाचून घेतोय की."

गेल्या महिन्यात सकाळची एक जागा रिकामी झाली. "घ्या की," ते म्हणाले, "सकाळी माझं डोकं लई चालतंय."

"सकाळी तुम्ही वाचायला लावत नाही," मी म्हणालो. "आमची दुपारच राहू द्या."